चार हजार एकशे बारा वेळा पडलेली बाई

पत्र येऊन एकोणीस दिवस झाले, तरी सोवनींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

एरवी उत्तर न देणाऱ्यांतले ते नव्हते. साताऱ्यातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासण्यात घालवलेला हा माणूस लग्नपत्रिकेचीसुद्धा पोच कार्ड टाकून द्यायचा. समोर माणूस आला की त्यांची जीभ टाळूला चिकटे. कागदावर मात्र ते धीट असत. पण हे पत्र त्यांनी दोनदा वाचलं, त्याची घडी घातली आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं.

पत्र टपोऱ्या अक्षरात होतं. वय झाल्यावर लिहायला शिकलेल्या माणसाचं अक्षर.

‘सोवनी साहेबांना अनसूया मारुती खरात, मुक्काम दहिवडी, यांचा नमस्कार. वय एकाहत्तर. मी गोधड्या शिवते. तुमच्या कंपनीचा कागद आलाय. त्यात लिवलंय की मी सरल्या सालात चार हजार एकशे बारा वेळा पडले. म्हणून मला पट्टा घालायचा हुकूम हाय. न्हाई घातला तर आमच्या आठ जणींच्या शेडचा विमा बंद, म्हंजे शेडच बंद. पट्टा घातला की खाली बसता येत न्हाई, आन खाली बसल्याबिगर गोधडी व्हत न्हाई. येवढ्या वेळा पडले असते तर मी हाय कशी? कागदाच्या तळाला “हालचाल तपासणारे” म्हणून तुमचं नाव छापलंय. तुमी मला पडताना बघितलं का? अठ्ठावीस तारखेला विम्याच्या कमिटीपुढं सुनावणी हाय. त्याच्या आधी कळवा. फोनवर तुमची मानसं बोलू देत न्हाईत, म्हणून पत्र.’

सोवनींनी तिला पडताना बघितलं होतं. निदान तशी नोंद त्यांच्या नावावर होती.

साठीपुढच्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या घोट्याला ‘सुदृढ’ कंपनीचा वाळा आला, त्याला सहा वर्षं झाली होती. वाळा म्हणजे दीड तोळ्याचं राखाडी कडं. पाऊल टेकलं की टाचेपासून एक बारीक लाट हाडांतून वर चढते. हाड भरीव असेल तर ती झपाट्यानं जाते. आतली जाळी विरलेली असेल तर रेंगाळते, विझत जाते. वाळा दिवसाला हजारो पावलांच्या अशा लाटा ऐकायचा आणि त्यावरून शून्य ते शंभरात एक अंक काढायचा, अस्थ्यंक. हाडं ठिसूळ होत जाणं हा मुका आजार. मनगट किंवा खुबा कडकन मोडेपर्यंत तो घरात राहत असल्याचा पत्ताच लागत नाही. वाळ्यानं त्याला पहिल्यांदा बोलतं केलं. यंत्र खरंच अव्वल होतं.

त्यामागून पट्टा आला. कंबरेपासून मांड्यांपर्यंत येणारा हा मोटरचा पट्टा माणसाचं निम्मं वजन आपल्यावर घ्यायचा आणि तोल जातोय असं दिसताच जागच्या जागी आवळून बसायचा. ज्यांच्या पडण्याच्या नोंदी जास्त, त्यांना तो सक्तीचा झाला. जिल्ह्यात खुबा मोडण्याचं प्रमाण एक पंचमांशावर आलं. कंपनीनं त्याचे फलक चौकाचौकांत लावले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

फक्त पडणं म्हणजे काय, हे वाळ्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते काम ज्यांनी केलं त्यांत सोवनी एक. निवृत्तीनंतर घरबसल्या, कुणाशी न बोलता करायचं काम, त्यांच्यासाठीच बेतल्यासारखं. पडद्यावर काड्यांचा एक माणूस यायचा. चेहरा नाही, नाव नाही, वाळ्यानं टिपलेली हालचाल तेवढी. शेजारी तीन रकाने: उभे, खुर्चीवर, पडले. सूचनापत्रात लिहिलं होतं की कंबर गुडघ्याच्या खाली वेगानं गेली तर ‘पडले’. यंत्राची पहिली घडण झाली त्या देशात जमिनीवर कुणी आपण होऊन बसत नव्हतं. त्यामुळे चौथा रकानाच नव्हता.

सोवनींच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. त्यांनी अदबीनं लिहून विचारलं, ‘मांडी घालून बसण्यासाठी वेगळा रकाना करता येईल काय?’ उत्तर आलं, ‘पुढील आवृत्तीत. तूर्त सूचनेप्रमाणे.’

मुद्रित तपासणाऱ्याला मजकूर बदलायचा अधिकार नसतो. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह घालायचं आणि पुढे जायचं. लेखक आणि मालक काय ते बघतील. सोवनी जन्मभर असेच जगले होते. याही कामात त्यांनी एक वही केली. शंका आलेल्या नोंदीचा आणि तिच्या वाळ्याचा क्रमांक पेन्सिलीनं त्या वहीत उतरवायचा, पुढे प्रश्नचिन्ह काढायचं आणि पडद्यावर ‘पडले’ दाबायचं. चार वर्षांत सात वह्या भरल्या. मालकानं त्या कधी मागितल्या नाहीत, आणि सोवनींनी त्या कधी पुढे केल्या नाहीत.

त्यांच्या घरातही एक पट्टा होता.

इंदुमतीबाईंना तो लागून तीन वर्षं झाली होती. कंपनीच्या माणसाची पत्नी म्हणून पट्टा आणि दवाखाना दोन्ही फुकट. दर महिन्याला तपासायला यायच्या डॉक्टर मीरा घोरपडे, मोठ्या आवाजाच्या आणि घाईतल्या. त्या दिवशी त्यांनी वाळ्याचा अंक बघितला आणि नेहमीसारखी थट्टा केली नाही.

“किती?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

“तेहतीस.”

“पट्टा आला तेव्हा अठ्ठावन्न होता.”

“हो.”

“गोळ्या घेते, नाचणी खाते, सकाळी गॅलरीत उन्हात बसते. एवढं करून?”

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. “आजी, नाचणी, ऊन, गोळ्या यांनी माल येतो. विटा, वाळू, सिमेंट. पण गवंडी कामावर यायला हवा ना? हाडात रोज थोडी मोडतोड आणि थोडं बांधकाम चालू असतं. बांधकाम कुठं करायचं ते वजन ठरवतं. तुम्ही उभ्या राहता, जिना चढता, खाली बसून उठता, तेव्हा हाड किंचित वाकतं. आतल्या पेशींना ते कळतं आणि त्या निरोप धाडतात, इथं भर घाला म्हणून. तुमचं वजन पट्टा उचलतो. निरोपच जात नाही. हाडं रोजंदारीवर असतात. काम नाही दिलं तर गाव सोडून जातात.”

“मग हे कंपनीला कुणी सांगितलं नाही?”

“आम्ही अकरा डॉक्टरांनी लिहून दिलं. ते म्हणाले, मोडलेले खुबे मोजा, कमी झालेत की नाही? झालेत. पट्ट्यात माणूस पडतच नाही, मग मोडेल काय?” त्या उठल्या. “पण पट्टा एकदा काढला की काय होईल, ते मोजायचं त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.”

सोवनी पुस्तकांच्या कपाटापाशी उभे होते.

डॉक्टर गेल्यावर इंदुमतीबाई शब्दकोडं घेऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला.

“अहो, तिसऱ्या खंडात हे काय दडवलंय?”

सोवनी स्वयंपाकघरातून आले तोवर पत्र वाचून झालं होतं.

“कधी आलं?”

“दोन तारखेला.”

“आज एकवीस.”

“हो.”

“मग?”

“विचार करत होतो.”

“एकोणीस दिवस? एवढ्या दिवसांत त्या बाईची गोधडी शिवून झाली असेल.”

सोवनींनी चष्मा काढून पुसला. “तुझा पट्टा कंपनीचा आहे, इंदू. दवाखाना कंपनीचा. आतली माहिती बाहेर दिली तर दोन्ही बंद, असं करारात स्पष्ट लिहिलंय.”

“म्हणजे माझ्यासाठी गप्प बसलात.”

“तसंच.”

“मुळीच नाही!” इंदुमतीबाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. “तुम्हाला गप्प बसायला आवडतं म्हणून बसलात. छापखान्याच्या मालकानं त्या प्राध्यापकांच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण परस्पर उडवलं, तेव्हाही तुम्हीच सगळ्यांत आधी बघितलं होतंत. तेव्हा काय कारण होतं? माझं बाळंतपण. ती पोरगी आता चाळिशीच्या पुढे गेली. दर वेळी मला कशाला पुढे करता? भीती तुमची आहे, तुमच्या नावावर राहू दे.”

सोवनींना हे लागलं. खरं होतं म्हणून जास्तच.

“ती बाई पडली होती का?” इंदुमतीबाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

“इतक्या नोंदींत कुठली कोणाची, मला काय माहीत?”

“नाव तुमचं आणि माहीत नाही? उघडा ते यंत्र. तिच्या वाळ्याचा क्रमांक दिलाय पत्राच्या पाठी.”

दुपारचे तीन वाजले होते. सोवनींनी यंत्र उघडलं, क्रमांक घातला आणि पडद्यावर काड्यांची बाई आली.

ती आली तशी खाली बसली. हात न टेकता, एका झोकात, जशी विहिरीत घागर उतरते तशी सरळ. मग बसल्या बसल्याच सरकत राहिली. एक वीत पुढे, पुन्हा एक वीत. गोधडीवरच बसून कडेकडेनं धावदोरा घालत जात असावी. अर्ध्या तासानं ती उठली, तीही हात न टेकता. दोन पावलं गेली, काहीतरी उचललं, परत आली, बसली. प्रत्येक बसण्यापुढे लाल अक्षरात ‘पडले’. त्या दिवशी अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी बारा. सोवनींनी महिनाभराच्या नोंदी बघितल्या. एकदाही तोल गेलेला नव्हता. त्यांनी वह्या काढल्या. चौथ्या वहीत सहा ठिकाणी तोच क्रमांक होता आणि पुढे त्यांच्याच हातचं प्रश्नचिन्ह. पहिल्या काही नोंदी त्यांनी तपासलेल्या. त्यावरून शिकून बाकीच्या यंत्रानं स्वतः भरलेल्या.

पानाच्या अगदी तळाशी, हुकमाच्या कागदावर जो छापत नसत, तो अस्थ्यंक होता.

“चौऱ्याहत्तर,” सोवनी म्हणाले.

“काय?”

“तिचा अस्थ्यंक. चौऱ्याहत्तर. माझा बावन्न आहे.”

इंदुमतीबाई पडद्याकडे वळल्या. काड्यांची बाई उठत होती, बसत होती.

“आणि हिला ते माझा पट्टा घालणार,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं मी देवापुढंसुद्धा खुर्ची टाकून बसते. घरात आलेली प्रत्येक बाई विचारते, बरं नाही का? मला काही झालं नव्हतं हो. मी निवडायला, टिपायला, रांगोळी काढायला खाली बसत होते, एवढंच झालं होतं.”

सोवनींचा हात वहीवरच राहिला. इंदूच्या पडण्याच्या नोंदी कुणी तपासल्या असतील, हा प्रश्न तीन वर्षांत त्यांना एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तर शोधायचा धीर झाला नाही. माझ्यासारख्याच कुणीतरी, ते मनाशी म्हणाले. किंवा मीच.

इंदुमतीबाईंनी फोन उचलला. “मीरा, पट्टा काढायचाय. कसा काढू ते सांग. काढू की नको ते विचारत नाहीये.”

पलीकडून मोठा आवाज आला. “एकदम काढून नाचायला जाऊ नका! रोज एक तास. ओट्याला धरून उभं राहायचं, टाचा उचलायच्या, सोडायच्या. दहा वेळा. कंबरेतून वाकून काही उचलायचं नाही. खाली बसायचं एवढ्यात नावसुद्धा काढू नका. गोळ्या चालू. अंक लगेच चढणार नाही. वर्षानं बघू, आणि वर्षानं चढलाच असं लिहून देणार नाही मी.”

“नको देऊस,” इंदुमतीबाई म्हणाल्या आणि पट्ट्याची कडी सोडली. पट्टा बराच वेळ कोपऱ्यात पडून कुईकुई करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंपनीचा फोन आला. निमिष नावाचा हा अधिकारी सोवनींच्या नातवाच्या वयाचा होता आणि फार गोड बोलायचा.

“सर, काल दुपारी आपण एक जुनी नोंद उघडलीत. काही मदत हवी होती का?”

“ती बाई पडलेली नाही,” सोवनी म्हणाले. “ती बसते.”

“बरोबर, सर. पुढच्या आवृत्तीत तो रकाना येतोय.”

“कधी?”

“प्रक्रियेत आहे.”

“चार वर्षांपूर्वी मी विचारलं होतं. तेव्हाही प्रक्रियेतच होता.”

“सर, मी मोकळं बोलतो. आपण तपासलेल्या छत्तीस हजार नोंदींवर या भागातलं सगळं यंत्र उभं आहे. एका बाईसाठी आपण त्यावर शंका घेतलीत, तर प्रश्न त्या बाईचा राहत नाही.”

“नाही ना,” सोवनी म्हणाले. “तेच म्हणतोय मी.”

पलीकडचा आवाज आणखी गोड झाला. “मॅडमचा पट्टाही काल तासभर बंद दिसतोय. आपल्याला मॅडमची काळजी असेलच.”

एरवी सोवनींनी इथं ‘बरं, बघतो’ म्हणून फोन ठेवला असता. ते शब्द तोंडापर्यंत आलेही होते.

“मॅडम ओट्याशी उभ्या आहेत,” ते म्हणाले. “टाचा उचलतायत. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचंय?”

“सात!” आतून आवाज आला. “त्याला विचारा, त्याची आजी जेवायला कुठं बसते! आठ!”

फोन पलीकडूनच बंद झाला. सोवनी घाबरले होते, नेहमीइतकेच. पण भीतीनं आज त्यांचं काही अडलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी सातही वह्या काढल्या, कोरे कागद काढले. एवढ्या वह्या टेबलावर मावेनात, म्हणून जमिनीवर पसरल्या. मग त्यांच्या मध्ये, टेबलाचा पाय धरून, मोठ्या कष्टानं आणि शेवटी धपकन ते स्वतः खाली बसले. गुडघे कुरकुरले. किती वर्षांनी बसत होते, कोण जाणे.

मांडी नीट जमते न जमते तोच घोट्यावरचा वाळा थरथरला आणि फोन वाजला.

“नमस्कार, सुदृढ सेवा केंद्रातून रुचा बोलतेय. आजोबा, आपण पडलात का?”

“नाही. मी बसलोय.”

“घाबरू नका, आजोबा. पडला असाल तर गाडी निघतेय.”

“बाळ, मी बसलोय. माझ्या घरात, माझ्या जमिनीवर. पत्र लिहितोय. तसं लिहून घ्या.”

“आजोबा, माझ्यापुढं दोनच बटणं आहेत,” मुलगी काकुळतीला आली. “‘पडले, मदत हवी’ आणि ‘पडले, मदत नको’.”

“दोन्ही दाबू नका.”

“काहीतरी दाबावंच लागतं हो.”

“का?”

तिच्या पाठीमागे खूप माणसं एकाच वेळी तोच प्रश्न विचारत असल्याचा गलका ऐकू येत होता. “दिवसाला दीडशे फोन करते मी,” ती हळूच म्हणाली. “एकशे चाळीस जण म्हणतात, अगं बसलोय. मला वाटायचं, लाजेनं खोटं बोलतात.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“कुणी विचारलंच नाही.”

“मलाही नाही विचारलं,” सोवनी म्हणाले. “मी आता न विचारता सांगणार आहे. तुमचं नाव घालत नाही, काळजी करू नका. आणि गाडी नको.”

तिनं कुठलं बटण दाबलं ते कळलं नाही. गाडी मात्र आली नाही.

पत्र तयार व्हायला दोन दिवस लागले. वह्यांतले प्रश्नचिन्ह घातलेले क्रमांक एका यादीत उतरून काढायचे होते. कंपनीनं त्याच संध्याकाळी यंत्राचं दार त्यांना बंद केलं, पण वह्या कागदाच्या होत्या. इंदुमतीबाई खुर्चीत बसून क्रमांक वाचायच्या, सोवनी खाली बसून लिहायचे. दर तासाला त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहायच्या आणि सोवनी पाय मोकळे करायला उठायचे. उठताना टेबल धरावं लागे. दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळा नाही लागलं.

‘श्रीमती अनसूया मारुती खरात यांस सादर नमस्कार,’ सोवनींनी लिहिलं. ‘उत्तरास उशीर झाला. त्याला कारण माझ्या भित्रेपणाखेरीज दुसरं नाही.

आपण पडला नाहीत. आपण बसलात आणि उठलात. ते मी नोंद करतानाच ओळखलं होतं आणि तरीही पडलात असं लिहिलं. दोष यंत्राचा नाही. त्याला जे शिकवलं तेच ते शिकलं. शिकवणाऱ्यांत मी होतो.

आपला अस्थ्यंक चौऱ्याहत्तर आहे. तो आपल्याला कळवण्यात आला नाही. माझ्याहून आणि माझ्या पत्नीहून आपली हाडं मजबूत आहेत, आणि ज्या बसण्या-उठण्यानं आपल्याला पट्टा लावायचा हुकूम निघाला, त्याच बसण्या-उठण्याचा त्यात वाटा असावा, असं आमच्या डॉक्टर म्हणतात. त्यांचं सहीचं पत्र सोबत आहे. पट्टा घालू नये.

मला शंका आलेल्या नऊ हजार तीनशे नोंदींची यादीही जोडली आहे. या सगळ्या माणसांना पुन्हा विचारलं पाहिजे. या पत्राची एक प्रत कमिटीला आणि एक कंपनीला पाठवत आहे. अठ्ठावीस तारखेला मी स्वतः दहिवडीला येईन. मला चारचौघांत बोलता येत नाही, आवाज फुटत नाही. तरी येईन. वाचून दाखवीन.

आपला, त्र्यंबक विष्णू सोवनी.’

“वाचू का पुन्हा एकदा?” त्यांनी विचारलं.

“काही गरज नाही,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “तुम्ही पुन्हा वाचलंत की काहीतरी गाळाल. द्या इकडे, मी डकवते.”

चोवीस तारखेला पोस्टात फारशी गर्दी नव्हती. सोवनींनी तीन जाड पाकिटं खिडकीत सरकवली. आतल्या बाईंनी ती वजनकाट्यावर ठेवली, एकावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून वर बघितलं.

“तक्रार का, काका?”

“माझीच,” सोवनी म्हणाले. “माझ्याच विरुद्ध.”

“पोच पाहिजे?”

“तिन्हींची.”

बाईंनी तीन शिक्के मारले. “व्हा बाजूला. बाकड्यावर बसा, पावत्या देते.”

“उभा राहतो,” सोवनी म्हणाले. “दुपारच्या गाडीनं जाईल ना हे?”

“हे काय, पोतं बांधतातच आहेत.”

पाकिटं एकामागून एक पोत्यात पडली. तोंडाला दोरी आवळली गेली, लाखेचं सील बसलं. एका माणसानं पोतं खांद्यावर टाकलं आणि तो मागच्या दारानं गाडीकडे गेला. सोवनी पावत्या हातात घेऊन, गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत, तिथंच उभे होते.